रायकमन बंधूंची पेढी

राजघराण्यांच्या उदयास्ताचा इतिहास आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. पेढ्यांच्या उदयास्ताकडे मात्र आपले लक्ष त्या मानाने कमीच जाते. वास्तविक सावकाराच्या पेढीवाचून पेशव्यांच्या मोहिमाही निघत नसत; परंतु मोहिमेचे वर्णन बखरीत येते आणि कर्जरोख्याचे दप्तरात पडून राहते. आज ज्या पेढीची हकीकत सांगावयाची आहे ती कॅनडातील टोरोंटो शहरची. तिचे नाव ‘ऑलिम्पिया अँड यॉर्क’, आणि तिचे धनी रायकमन नावाचे ज्यू कुटुंब. कचेऱ्यांसाठी इमारती उभारून त्यांचे गाळे भाड्याने देणे हा तिचा धंदा. १९८० नंतरच्या दशकात या धंद्यातील तिच्याएवढी मोठी खाजगी पेढी जगात क्वचितच असेल. आणि १९९२ च्या मे महिन्यात ती कोसळली तेव्हा तिचे कर्ज १८ ते २० अब्ज डॉलरांच्या घरात असल्याचे सांगण्यात आले. ज्या गुणाने ती वाढली त्याच गुणाने ती बुडाली, असे माझे मत आहे. तो गुण म्हणजे तिची पत.

कुटुंबाचे मूळ हंगेरीतील बेलेड या लहानशा गावी. कर्ते पुरुष सॅम्युएल रायकमन हे अंड्यांचे व्यापारी. व्यापाराच्या निमित्ताने ते व्हिएन्नास स्थायिक झाले. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर कुटुंब पॅरिसला आले, आणि १९४० मध्ये पॅरिसही पडल्यावर स्पेनमार्गे आफ्रिकेच्या उत्तर टोकावरील टँजिअर बंदरात जाऊन पोहोचले. तेथे सॅम्युएल यांनी परदेशी चलनाच्या देवघेवीचा व्यवसाय थाटला. त्यांच्या पत्नी रेने यांनी छळछावण्यांतील बंदिवानांना स्पॅनिश रेड क्रॉसच्या मार्फत अन्नाची हजारो पुडकी पाठविली, ही गोष्ट त्या घराण्याच्या सर्व इमारतींहून मोठी म्हटली पाहिजे. अशा घरात जे मूल वाढते त्याला दोन धडे आपोआप मिळतात. राज्ये, चलने आणि कायदे एका रात्रीत बदलू शकतात, हा पहिला. आणि घरच्या माणसाखेरीज कोणाजवळही आपल्या व्यवहाराची वाच्यता करू नये, हा दुसरा.

१९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास, मोरोक्को स्वतंत्र होऊन टँजिअरचा आंतरराष्ट्रीय दर्जा संपण्याच्या सुमारास, मुलांनी कॅनडाची वाट धरली. एडवर्ड प्रथम माँट्रियलला गेले. पाठोपाठ आल्बर्ट, पॉल आणि राल्फ हे तिघे टोरोंटोत आले. धंदा अगदी साधा होता: भिंतीच्या आणि जमिनीच्या फरशांची आयात आणि विक्री. या दुकानासाठी वखार बांधावयाची होती. ठेकेदारांनी १,२५,००० डॉलर मागितले, तेव्हा पॉल यांनी आपणच मजूर लावून ती ७०,००० डॉलरांत उभी केली, असे सांगतात. फरशांपेक्षा वखारी बांधण्यातच अधिक किफायत आहे हे त्यांच्या ध्यानात आले.

त्यांच्या भाग्योदयाचा पहिला मोठा प्रसंग दुसऱ्याच्या पडझडीतून आला. न्यूयॉर्कचा विल्यम झेकेनडॉर्फ हा त्या काळचा सर्वांत धाडसी इमारतवाला. १९६५ मध्ये त्याच्या ‘वेब अँड नॅप’ कंपनीचे दिवाळे निघाले, आणि टोरोंटोजवळची फ्लेमिंग्डन पार्क ही त्याची अर्धवट राहिलेली वसाहत रायकमन बंधूंनी घेतली. झेकेनडॉर्फ कर्जावर कर्ज चढवीत गेला होता, भव्यतेची त्याला ओढ होती, आणि शेवटी मुदत भरल्यावर हाती रोकड नव्हती. हे सारे त्या भावांनी अगदी जवळून पाहिले होते. सत्तावीस वर्षांनी त्यांच्याच बाबतीत तसेच घडावे, याला काय म्हणावे?

या पेढीची रीत निराळी होती. पॉल सौदे ठरवीत, आल्बर्ट बांधकाम आणि कारभार पाहत, राल्फ फरशांचे दुकान सांभाळीत. तिघेही अत्यंत धर्मनिष्ठ. शुक्रवारी सूर्यास्त झाला की शब्बाथ सुरू होई आणि जगातील कोठल्याही बांधकामावरचे त्यांचे काम थांबे. करारावर सही होण्यापूर्वी हातात हात दिला की सौदा पक्का, आणि दिलेला शब्द नुकसान सोसूनही पाळावयाचा, असा त्यांचा लौकिक. कामातही ते कुशल होते. टोरोंटोतील ७२ मजल्यांची ‘फर्स्ट कॅनेडियन प्लेस’ ही इमारत १९७५ मध्ये उभी राहिली, तेव्हा मालाच्या गाड्या तळघरात येऊन फिरत्या चकतीवर वळाव्यात आणि सामान लगोलग वर चढावे अशी योजना त्यांनी केली होती. माणसांचे हजारो तास वाचले. (तिच्यावर चढविलेला शुभ्र इटालियन संगमरवर पुढे कमकुवत झाला, २००७ मध्ये त्याचा एक तुकडा खाली पडला आणि अखेर सारा बदलून काच बसवावी लागली. पण तोवर इमारत दुसऱ्यांची झाली होती.)

या लौकिकाचा परिणाम असा झाला की बँका त्यांच्याकडे जमाखर्च मागेनाशा झाल्या. कंपनी खाजगी, भागधारक घरचेच. तेव्हा ताळेबंद प्रसिद्ध करण्याचे कारण नव्हते. एका बँकेला एक इमारत दिसे, दुसरीला दुसरी. सगळ्या इमारती आणि सगळी कर्जे एकत्र मांडलेला कागद घराबाहेर कोणीही पाहिला नव्हता. सरकारी कचेरीत एका कागदावर चार टेबलांची टिपणे पडतात याची चेष्टा आपण सर्वच करतो, आणि ती पुष्कळदा योग्यही असते. परंतु चौथ्या टेबलावरच्या अनोळखी, किंचित कुरकुऱ्या माणसाचेही काही काम असते.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. कंपन्या शहर सोडून जात होत्या आणि गाळे रिकामे पडत होते. अशा वेळी, १९७७ मध्ये, रायकमन बंधूंनी युरिस घराण्याने बांधलेल्या मॅनहॅटनमधील ८ इमारती सुमारे ३२ कोटी डॉलरांना एकगठ्ठा घेतल्या. लोकांनी वेड्यात काढले. दहा वर्षांत त्यांची किंमत कित्येक पटींनी वाढली. शतकातील सर्वोत्तम स्थावर-सौदा अशी त्याची ख्याती झाली.

त्यापाठोपाठ हडसन नदीकाठी, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायाची माती टाकून तयार केलेल्या भरावावर, ‘वर्ल्ड फायनान्शियल सेंटर’ उभारण्याचे काम त्यांनी १९८० मध्ये मिळविले. मुंबईचा नरीमन पॉइंट ज्यांनी पाहिला आहे त्यांना समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर कचेऱ्यांचे नगर कसे वसते हे सांगावयास नको. पण भाडेकरू आणावयाचे कोठून? येथे पॉल यांनी एक युक्ती योजली. मोठ्या कंपनीला ते म्हणत: तुमची जुनी जागा किंवा तिचा भाडेपट्टा आम्ही घेतो, तुम्ही आमच्या नव्या जागेत या. अमेरिकन एक्स्प्रेस आणि मेरिल लिंच यांसारख्या कंपन्या आल्या. भाडी चढती होती म्हणून अंगावर घेतलेल्या जुन्या जागाही खपल्या, आणि युक्ती यशस्वी ठरली.

यशातून माणूस जे शिकतो ते तपासून पाहण्याची गरज त्याला वाटत नाही. मंदीत घ्यावे, धीर धरावे, शहर पुन्हा उठतेच, असा सिद्धांत त्यांच्या मनात दृढ झाला. मधल्या काळात १९८१ मध्ये अबिटिबी-प्राइस ही कागदाची कंपनी, १९८५ मध्ये गल्फ कॅनडा ही तेलाची कंपनी अशी खरेदी झाली. रॉबर्ट कँपो या अमेरिकेतील दुकाने घेत सुटलेल्या कॅनेडियन उद्योजकातही मोठी रक्कम गुंतली. १९९० च्या जानेवारीत तो बुडाला. ही पडती बाजू थोडक्यातच सांगतो, कारण खरा घाव लंडनमध्ये बसला.

टेम्स नदीच्या वळणात ‘वेस्ट इंडिया डॉक्स’ नावाच्या गोद्या १८०२ मध्ये सुरू झाल्या. यातील ‘वेस्ट इंडिया’ म्हणजे आपला पश्चिम हिंदुस्थान नव्हे. वेस्ट इंडीज बेटांची साखर तेथे उतरत असे. मोठमोठ्या पेट्यांतून माल नेणारी जहाजे आली, गोद्या ओस पडल्या आणि १९८० मध्ये बंद झाल्या. त्यांपैकी कॅनरी बेटांची फळे जेथे उतरत तो धक्का म्हणजे कॅनरी व्हार्फ. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८२ मध्ये हा भाग करसवलतींचा विभाग ठरविला. दुसऱ्या एका मंडळीने तेथे कचेऱ्या बांधण्याचा विचार मांडला होता; ती मागे सरली आणि १९८७ च्या जुलैमध्ये रायकमन पुढे आले. पुढच्याच ऑक्टोबरात जगभरचे शेअरबाजार कोसळले. तरी काम थांबले नाही. सेझार पेली यांनी आखलेला ५० मजल्यांचा, २३५ मीटर उंच मनोरा १९९१ मध्ये पुरा झाला. सुमारे दोन दशके ब्रिटनमध्ये त्याहून उंच इमारत नव्हती.

न्यूयॉर्कचा हिशेब येथे लागू पडेना. वर्ल्ड फायनान्शियल सेंटरमधून वॉल स्ट्रीटला पायी जाता येते. कॅनरी व्हार्फ आणि लंडनची जुनी व्यापारपेठ यांत सुमारे चार किलोमीटरांचे अंतर. जोडणारी हलकी रेल्वे अपुरी. जुबिली हा भुयारी रेल्वेमार्ग तेथवर न्यावा म्हणून पेढीने ४० कोटी पौंड देण्याचे मान्य केले. तो मार्ग सुरू झाला १९९९ मध्ये. शिवाय प्रतिस्पर्धी स्वस्थ बसला नव्हता. जुन्या पेठेच्या महापालिकेने बांधकामाचे निर्बंध सैल केले आणि तेथेच लाखो चौरस फूट नवे गाळे उभे राहिले. १९८९ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमधील मूळ व्याजदर १५ टक्क्यांवर गेला. भाडी घसरू लागली, आणि जुने भाडेपट्टे अंगावर घेण्याची ती हुकमी युक्ती आता गळ्याशी आली. नव्या जागा रिकाम्या होत्याच, त्यांत घेतलेल्या जुन्याही रिकाम्याच राहिल्या. पर्यावरण खात्याच्या कर्मचाऱ्यांना तेथे हलविण्याचा विचार निघाला, तर ते नाखूष! दूरच्या जागी बदली म्हटली की लंडनचा कारकूनही आपल्याच जातीचा निघतो.

एवढे होऊनही सिद्धांत चुकला नव्हता. लंडन पुढे उठलेच. चुकली ती मुदत. इमारत उभी राहून भाड्याने भरून पावावयास पंधरा-वीस वर्षे लागतात, तर पेढीचा रोजचा खर्च भागत होता तो महिन्या-तीन महिन्यांच्या हुंड्यांवर. एक हुंडी पिकली की दुसरी काढून ती फेडावयाची. धनकोचा विश्वास आहे तोवर हे चक्र फिरते. १९९० च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मालमत्तेचा पाचवा हिस्सा विकावयास काढला, तेव्हा गिऱ्हाईक मिळाले नाही आणि कुजबुज सुरू झाली. १९९२ च्या फेब्रुवारीत कॅनडातील पतमापन संस्थेने पेढीच्या कागदांची श्रेणी खाली आणली. नव्या हुंड्या कोणी घेईना. आता बँका प्रथमच म्हणाल्या, सगळा हिशेब दाखवा. इतकी वर्षे शब्दावर चाललेल्या घराला तो एकाएकी मांडून दाखविणे जड गेले, आणि जो दिसला त्याने धीर आणखी खचला. मार्चमध्ये पॉल अध्यक्षपदावरून दूर झाले. १४ मे रोजी कॅनडात आणि अमेरिकेत न्यायालयाचे संरक्षण मागण्यात आले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कॅनरी व्हार्फ न्यायालयाने नेमलेल्या कारभाऱ्यांच्या हाती गेले. धनको बँका शंभराच्या आसपास होत्या.

मग वाटण्या झाल्या. भावाभावांत भांडण होऊन घर फुटते तसे येथे झाले नाही. धनकोंनी वाटून घेतले. १९९३ च्या आरंभी कॅनडातील व्यवस्था मंजूर झाली आणि ज्या इमारतीवर ज्याचे तारण ती त्याच्याकडे जाऊ लागली. आल्बर्ट यांच्या मुलाने जुन्या नावाने एक लहान कंपनी चालविली. तीही २००५ मध्ये विकली गेली. न्यूयॉर्कच्या नदीकाठच्या इमारती कॅनडाच्याच ब्रुकफील्ड कंपनीकडे गेल्या आणि आज तिच्याच नावाने ओळखल्या जातात. राल्फ यांचे फरशांचे दुकान त्या पडझडीतून वाचले.

पॉल यांनी १९९५ च्या डिसेंबरात सौदी राजपुत्र अल-वलीद, बँकर एडमंड साफ्रा अशा भागीदारांना घेऊन कॅनरी व्हार्फ सुमारे ८० कोटी पौंडांना परत मिळविले. या खेपेस हिस्सा थोडा, भागीदार पुष्कळ. रेल्वे आली, बँका आल्या, मनोऱ्याभोवती मनोरे उठले; १९९९ मध्ये कंपनीचे भाग लंडनच्या बाजारात विक्रीस आले आणि तिचे हिशेब कोणालाही वाचावयास मिळू लागले. २००४ मध्ये ती विकण्याचा प्रश्न निघाला. पॉल यांनी ज्या गटाची बाजू घेतली तो हरला, मॉर्गन स्टॅन्लेच्या पुढाकाराने आलेला दुसरा गट जिंकला, आणि ते तेथून कायमचे बाहेर पडले. २०१३ च्या ऑक्टोबरात टोरोंटोत त्यांचे निधन झाले. कॅनरी व्हार्फची मालकी २०१५ मध्ये कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेकडे आणि त्याच ब्रुकफील्डकडे गेली.