जुलाबाचे मीठ टोमॅटोच्या कुंडीत

टोमॅटोची पाने पिवळी पडली की कुंडीत चमचाभर एप्सम सॉल्ट घाला, हा सल्ला आता घरोघरी ऐकू येतो. या मिठाचा इतिहास पाहिला तर दिसते की त्याचे नाव झाले ते माणसाच्या पोटामुळे; झाडाला ते का लागते, हे फार उशिरा कळले. लंडनच्या दक्षिणेला असलेल्या एप्सम गावातल्या झऱ्याचे कडू पाणी सतराव्या शतकात गाजले. पोट साफ व्हावे म्हणून लोक तिथे जात. नेहेमाया ग्रू याने १६९५ मध्ये या क्षारावर प्रबंध लिहिला आणि १६९८ मध्ये तो तयार करण्याचे पेटंट मिळवले. ग्रू हा वनस्पतींच्या अंतर्रचनेचा मोठा अभ्यासक. तरीही त्याच्या लेखी हे मीठ औषधच होते.

१७५० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये फ्रान्सिस होमने कुंड्यांत निरनिराळे क्षार घालून पाहिले. सोऱ्याप्रमाणेच एप्सम सॉल्टनेही रोपे चांगली वाढली, पण कारण हाती आले नाही. पुढे १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नोप यांनी मातीशिवाय, नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपे वाढवली आणि एप्सम सॉल्टमध्ये असलेले मॅग्नेशियम झाडाला लागतेच, हे स्पष्ट होत गेले. हरितद्रव्यात मॅग्नेशियम असते, हे व्हिलश्टेटरने दाखवले; त्या संशोधनासाठी त्याला १९१५ चे नोबेल मिळाले. मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवते. म्हणून खालची पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात.

म्हणजे मॅग्नेशियमची उणीव असेल तरच हे मीठ कामाचे. यावर कोणी म्हणेल, इंग्लंडच्या काचघरांतले टोमॅटोवाले या मिठाची फवारणी करतच आले आहेत. खरे आहे, पण तिथे पिकाला पालाश भरपूर देत, आणि जास्तीचा पालाश मुळांना मॅग्नेशियम घेऊ देत नाही. उणीव खरी होती, म्हणून उपाय लागू पडला. ‘थोडे घातले तर बिघडते काय?’ हा दुसरा आक्षेप. टोमॅटोचा तळ काळा पडतो तो फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्याने, बहुधा पाणी अनियमित दिल्याने. तिथे जादा मॅग्नेशियम कॅल्शियमच्याच वाटेत आडवे येते. शिवाय बेसॉल्टपासून बनलेल्या दख्खनच्या काळ्या मातीत मॅग्नेशियम सहसा पुरेसे असते. गच्चीवर कोकोपीटमध्ये लावलेल्या रोपाची गोष्ट वेगळी. तेव्हा चमचा उचलण्याआधी खालची पाने तपासावीत आणि शंका राहिलीच तर मातीची तपासणी करून घ्यावी.