जुनेर: महाराष्ट्रातील एका दुर्लक्षित शिवणकलेचा इतिहास

वापरून विरलेल्या वस्त्रातून दुसऱ्या अंगाच्या मापाचे नवे वस्त्र बेतण्याची रीत महाराष्ट्रातील घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तरीही पोशाखाच्या इतिहासात पैठणीला, शेल्याला आणि पागोट्याला जे स्थान मिळाले, ते जुनेराला, म्हणजे नेसून नेसून मऊ आणि जीर्ण झालेल्या लुगड्याला, कधी मिळाले नाही. ही रीत केवळ अडचण भागवण्यासाठी होती, हा समज अपुरा आहे. कापडाची कोणती जागा आधी झिजते, कोणती टिकते आणि टिकलेल्या जागेतून कोणाचे कोणते वस्त्र निघेल, याचे पक्के ज्ञान तिच्यामागे होते, आणि ते बहुतांशी स्त्रियांच्या हाती होते.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे सलग कापड. कासोटा घालून ते नेसल्यावर त्याची झीज सर्वत्र सारखी होत नाही. बसण्याच्या जागी आणि कासोट्याची ओढ पडते तेथे कापड आधी विरते, तर दाट विणीचे काठ आणि नेसणाच्या आतल्या घडीत राहणारा भाग बराच काळ धड राहतो. त्यामुळे पहिला उपाय दंड घालण्याचा असे: विरलेला भाग कापून काढून उरलेले धड तुकडे आडव्या शिवणीने जोडत, आणि प्रसंगी दोन वेगवेगळ्या लुगड्यांचे चांगले भाग एकत्र करून एक नेसते लुगडे तयार करीत.

दंडाचे लुगडेही नेसण्याजोगे राहिले नाही, की त्यातून मुलीचे परकर-पोलके बेतले जाई. येथे बेतण्याची सुरुवात मापापासून होत नसे, तर कापड उजेडात धरून विरलेल्या जागा हेरण्यापासून होई. लुगड्याचा काठ परकराच्या घेराला येईल असे कापड आडवे धरले, की पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, हीच परकराची उंची ठरे. जास्तीचे कापड कापून न टाकता आत दुमडून धावदोऱ्याने टाचत आणि मुलगी उंच होईल तशी ती दुमड सोडत. वाढत्या अंगाचे शिवणे या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत म्हणजे एकाच वस्त्रात पुढच्या दोन-तीन वर्षांची मापे आधीच साठवून ठेवणे होय. पदराच्या धड भागातून पोलके निघे आणि काठाची पट्टी बाहीला लागे. इरकल लुगड्यात अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असून विणतानाच ते फासे घालून जोडलेले असतात; त्यामुळे सुती अंग विरले तरी रेशमी पदर शाबूत राही आणि त्याचा वेगळा उपयोग करता येई.

याहून जीर्ण कापडाची झबली, टोपडी, कुंच्या आणि दुपटी होत. नवजात बालकाला सुरुवातीचे काही दिवस जुन्या कापडातच ठेवण्याचा प्रघात अनेक घरांत होता. नव्या कापडाची खळ आणि खरखर कोवळ्या त्वचेला सोसत नाही, हे त्याचे व्यावहारिक कारण. शेवटी उरलेले तुकडे थरावर थर रचून गोधडीत किंवा वाकळेत जात. भरजरी वस्त्राची वाट मात्र वेगळी होती: जुन्या पैठणीची जर रेशमी धाग्यावर गुंडाळलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या तारेची असल्याने ती जाळून धातू मिळवत, आणि त्यामुळे कित्येक जुने पदर आगीतच संपले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवणयंत्र भारतात आले आणि या कलेचे स्वरूप पालटू लागले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिवणकाम शिकवले. १९३० च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ यंत्रे बनू लागल्यावर देशी यंत्र मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात येत गेले. अंदाजाने आणि नजरेने बेतण्याच्या जागी फीत, कागदी आकृती आणि छातीचे माप आले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई व भाववाढ इतकी झाली, की १९४३ मध्ये सरकारला सुती कापड व सूत नियंत्रण आदेश काढावा लागला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जुन्या कपड्यांतून नवे शिवण्याविषयी सरकारी पुस्तिका प्रसिद्ध झाली. तेथे जे ज्ञान छापून शिकवावे लागले, ते महाराष्ट्रात आईकडून मुलीकडे आधीपासूनच जात होते.

या परंपरेला ओहोटी लागली ती १९६० नंतर नायलॉन आणि टेरिलीनच्या साड्या स्वस्त होत गेल्यावर. हे कापड सुतासारखे विरत नाही, मऊ पडत नाही आणि पाणी शोषत नाही, म्हणून ते दुपट्याला किंवा गोधडीला निरुपयोगी ठरते. ते फाटून नव्हे, तर नेसून कंटाळा आल्यामुळे टाकले जाते. अशा साड्या बोहारणीकडे, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या फिरत्या विक्रेतीकडे, जाऊ लागल्या, आणि ती ते कपडे धुऊन, दुरुस्त करून बाजारात विकू लागली. घरातले जुनेर घराबाहेर गेले आणि त्याबरोबर ते बेतण्याचे कौशल्यही घरातून गेले.

अलीकडे आजीच्या साडीचा कुर्ता किंवा झगा शिवून घेण्याची आवड पुन्हा वाढली आहे. जुने रेशीम घडीवर चिरते आणि शिवणीच्या ताणाला टिकत नाही. म्हणून जाणकार शिंपी त्याला सुती अस्तर देतो, शिवणीत जास्त कापड सोडतो आणि घडीची रेघ ताण पडणाऱ्या जागी येऊ देत नाही. जुन्या स्त्रिया विरलेल्या जागा टाळून बेतत, तोच हा विचार आहे.

या कलेची साधने इतिहासकाराला सहज सापडत नाहीत, कारण तिच्या प्रत्येक पायरीने आधीची पायरी खाऊन टाकली: परकर झाला तेव्हा लुगडे संपले आणि गोधडी झाली तेव्हा परकर संपला. संग्रहालयांत उरतात ती जपलेली, क्वचितच नेसलेली वस्त्रे. म्हणूनच जुन्या घरांतील झबली, कुंच्या आणि वाकळा हे अस्सल दस्तऐवज मानले पाहिजेत; त्यांतील उसवलेल्या शिवणींची छिद्रे, सोडलेल्या दुमडीखाली न उडालेला रंग आणि मध्येच आलेला काठ यांची पद्धतशीर नोंद झाली, तर ज्या स्त्रियांनी नाव न लावता ही कला जोपासली, त्यांच्या कामाला महाराष्ट्राच्या वस्त्रेतिहासात हक्काचे पान मिळेल.