गश्ती निशाण त्रेपन्न ते कलम ६६-अ : सामान्य माणसाच्या मताच्या नियमनाचा इतिहास (विशेष संदर्भ : धारूर परिसर)

प्रस्तावना

धारूर हे बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेले बीड जिल्ह्यातील जुने लष्करी ठाणे होय. आदिलशाही सरदार किश्वरखान याने इ. स. १५६७ च्या सुमारास येथील किल्ला उभारला. पुढे निजामशाही, मोगल व आसफजाही अशा सत्ता या परिसराने अनुभवल्या. आज धारूर तालुका ओळखला जातो तो दरवर्षी गळीत हंगामात बाहेर पडणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्यांमुळे. याच गावातील संगणकाची आवड असलेला एखादा तरुण आज आपल्या भ्रमणध्वनीवर नव्या यंत्राचे गुणदोष सांगतो, कालच पाहिलेल्या चित्रपटाची चिरफाड करतो आणि त्याच दमात सरकारच्या धोरणावर मतही देतो. तंत्रज्ञान, चित्रपट व राजकारण या तिन्ही विषयांवर बोलण्यासाठी आपण कोणाची परवानगी घेतली पाहिजे, असे त्याला वाटत नाही.

तथापि त्याच्या पणजोबांच्या काळी याच भूमीवर चार माणसांसमोर मत मांडण्यासाठी सरकारी मंजुरी लागत असे. या दोन अवस्थांमधील अंतर केवळ यंत्रांच्या प्रगतीने कापले गेले, असा एक समज रूढ आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या समजाची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्याकडील राज्यसंस्थेने मताचे नियमन बहुधा माध्यमाच्या नावाने केले. प्रत्येक नवे माध्यम ‘विशेष धोक्याचे’ ठरविले गेले आणि सामान्य माणसाच्या विवेकावर किती विश्वास ठेवावयाचा हा मूळ प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उपस्थित झाला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. सभा आणि परवानगी

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. ‘गश्ती’ म्हणजे सरकारी परिपत्रक. संस्थानातील गश्ती निशाण ५३ या परिपत्रकाने सार्वजनिक सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते. सभेत काय बोलले गेले हा प्रश्न नंतरचा होता. बोलण्यासाठी एकत्र येणे हेच आधी संशयास्पद मानले जात होते. भाषेचीही अडचण होतीच. राज्यकारभार व उच्च शिक्षण यांची भाषा उर्दू असल्याने मराठी भाषकाचे मत कार्यालयापर्यंत पोहोचावयाचे तर त्याला परक्या भाषेचा आधार घ्यावा लागे.

१९३८ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेपूर्वीच बंदी घालण्यात आली. त्याच सुमारास आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे पत्र संस्थानाच्या हद्दीबाहेरून काढले. बंदी आली की नाव बदलून ते पुन्हा प्रसिद्ध करण्याचा मार्ग त्यांनी अवलंबिला. वर्षाच्या अखेरीस औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज व हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ येथे वंदे मातरम् चळवळ उभी राहिली. गीत म्हणण्यावरील बंदी न मानणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. धारूरच्या शेजारचे अंबाजोगाई, म्हणजे तत्कालीन मोमिनाबाद, हे तर स्वामी रामानंद तीर्थ यांचे अध्यापनक्षेत्र. मुक्तिलढ्याचे नेतृत्व एका शिक्षकाकडे यावे आणि त्यातील महत्त्वाचा प्रसंग महाविद्यालयीन वसतिगृहांतून घडावा, ही बाब अध्यापक वर्गाने विशेषत्वाने ध्यानात घ्यावी अशी आहे.

२. पडदा आणि पूर्वपरीक्षण

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अंमलात आली आणि अनुच्छेद १९ (१) (क) अन्वये भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य या भागातील नागरिकांनाही प्राप्त झाले. वृत्तपत्र छापण्यासाठी आता मजकुराची आगाऊ मंजुरी नको होती. चित्रपटाच्या बाबतीत मात्र निराळे घडले. १९५२ च्या चलच्चित्रपट अधिनियमाने प्रदर्शनापूर्वीच्या परीक्षणाची व्यवस्था कायम ठेवली. जत्रेतील तंबूत दाखविला जाणारा चित्रपट असो वा शहरातील चित्रगृहातला, प्रमाणपत्रावाचून तो लोकांसमोर येऊ शकत नव्हता.

या व्यवस्थेला ख्वाजा अहमद अब्बास यांनी आव्हान दिले. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या शहरांतील श्रीमंती व दारिद्र्य यांचा विरोध दाखविणाऱ्या त्यांच्या लघुपटास सर्वांसाठीचे प्रमाणपत्र नाकारले गेले होते. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण घटनात्मकदृष्ट्या वैध ठरविले. चित्रपट इतर कलांपेक्षा भावनांना अधिक खोलवर हलवितो, हा त्यामागील एक मुख्य आधार होता. येथे नोंद घ्यावयाची ती युक्तिवादाच्या स्वरूपाची. संस्थानी काळात सभा धोक्याची होती, कारण जमाव भडकतो. आता चित्रपट धोक्याचा ठरला, कारण प्रेक्षक हेलावतो. दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याच्या व पाहणाऱ्याच्या विवेकाविषयी शंका गृहीत धरलेली आहे.

दोन्ही राजवटींना एका मापाने मोजणे मात्र अन्यायाचे होईल. संस्थानात गश्तीविरुद्ध दाद मागण्यास स्वतंत्र घटनात्मक न्यायालय नव्हते. अब्बास यांना ते होते. या व्यवस्थेतूनही सत्तेला प्रश्न विचारणारे चित्रपट निघाले. जब्बार पटेल दिग्दर्शित व विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ हे त्याचे ठळक उदाहरण. १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखविल्या गेलेल्या या चित्रपटात साखर कारखानदारीतून आलेली गावची सत्ता आणि तिला अडचणीचा प्रश्न विचारणारा एक सामान्य मास्तर समोरासमोर उभे आहेत. ज्या तालुक्यातील माणसे कारखान्यांच्या फडात राबतात, तेथील प्रेक्षकाला या संघर्षाचे भाष्य वेगळे करून सांगण्याची गरज नाही. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये आणीबाणी जाहीर झाली, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले आणि अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या. घटनेने दिलेला अधिकार कागदावर असणे आणि व्यवहारात असणे यांतील अंतर या काळाने दाखवून दिले.

३. संगणकयुगाचे दोन शिल्पकार

भारतातील माहितीयुगाच्या पायाभरणीशी दोन अशा राजकीय व्यक्ती संबंधित आहेत, ज्यांचा संबंध या भूप्रदेशाशी येतो आणि ज्यांनी तरुणपणी मताबद्दलची शिक्षा स्वतः भोगली होती.

पहिली व्यक्ती पी. व्ही. नरसिंह राव. हैदराबाद संस्थानात जन्मलेले राव हे वंदे मातरम् चळवळीत शिक्षणास मुकलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्यांचे पुढील शिक्षण पुणे व नागपूर येथे झाले. मराठीवर त्यांचे प्रभुत्व होते. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगू अनुवाद केला आणि १९८४ व १९८९ मध्ये रामटेक मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. वयाची साठी उलटल्यावर त्यांनी संगणक आत्मसात केला व ते स्वतः आज्ञावली लिहू लागले. त्यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात १९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण आले, ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली.

दुसरी व्यक्ती प्रमोद महाजन. अंबाजोगाईत वाढलेले व तेथे काही काळ अध्यापन केलेले महाजन आणीबाणीत नाशिकच्या कारागृहात होते. १९९९ मध्ये केंद्रात माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र मंत्रालय निर्माण झाले आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांच्या कारकिर्दीत माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० संसदेत संमत झाला व १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक आयोगाने १९९६ मध्ये तयार केलेल्या नमुना कायद्यावर तो आधारित होता. इलेक्ट्रॉनिक अभिलेख व अंकीय स्वाक्षरी यांना कायदेशीर मान्यता देऊन व्यापार व शासनव्यवहार सुलभ करणे, हा त्याचा प्रधान हेतू होता. नागरिकाचे मत हा त्याचा मुख्य विषयच नव्हता. अश्लील मजकुरास शिक्षा सांगणारे कलम ६७ आणि सार्वजनिक ठिकाणी प्रवेश करून वॉरंटाशिवाय अटक करण्याचा अधिकार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना देणारे कलम ८० मात्र त्यात होते.

या दोघांचे पक्ष भिन्न व विचारसरणी भिन्न. तरीही संगणक व दूरसंचार यांकडे दोघांनीही प्रामुख्याने विकासाचे साधन म्हणून पाहिले, असे त्यांच्या निर्णयांवरून दिसते. या साधनावर उद्या गावोगावचा माणूस बोलू लागेल आणि तेव्हा त्याच्या बोलण्याचे संरक्षण कसे होणार, हा प्रश्न त्या वेळच्या धोरणाच्या केंद्रस्थानी आला नाही. त्या काळी ग्रामीण भागात संगणक दुर्मीळ होता, ही बाब त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे.

४. कलम ६६-अ आणि पालघर

डिसेंबर २००८ मध्ये संसदेने या अधिनियमात दुरुस्ती केली. त्या वेळी सत्तेवर दुसरी आघाडी होती. या दुरुस्तीने कलम ६६-अ समाविष्ट झाले व ऑक्टोबर २००९ पासून ते लागू झाले. संगणक वा भ्रमणध्वनीद्वारे ‘अतिशय आक्षेपार्ह’ मजकूर पाठविणे, तसेच खोटा असल्याचे ठाऊक असलेला मजकूर त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून पाठविणे, यांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात होती. त्रास म्हणजे नेमके काय आणि कोणाला झालेला, याची व्याख्या नव्हती. तेच वाक्य वृत्तपत्रात छापले तर या कलमाखाली गुन्हा नाही आणि भ्रमणध्वनीवरून पाठविले तर अटक, अशी स्थिती निर्माण झाली.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यासंबंधी फेसबुकवर मत मांडणारी पालघर येथील एक तरुणी आणि त्या मताला पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना पोलिसांनी अटक केली. या घटनेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले.

या निकालाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या युक्तिवादात आहे. इंटरनेट हे इतर माध्यमांहून भिन्न असून त्यासाठी वेगळा कायदा होऊ शकतो, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत त्याने स्पष्ट भेद केला. एखाद्या मताची चर्चा वा त्याचा पुरस्कार, तो कितीही अप्रिय असो, संरक्षित आहे. तो चिथावणीच्या पातळीवर पोहोचतो तेव्हाच निर्बंधाचा प्रश्न येतो. माध्यमाच्या सामर्थ्याकडून उच्चाराच्या स्वरूपाकडे लक्ष वळविण्याचे कार्य या निकालाने केले. असे असूनही रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबाबत पुन्हा निर्देश द्यावे लागले. कायदा पुस्तकातून गेला तरी ठाण्यातील सवय जाण्यास वेळ लागतो, हेच यावरून दिसून येते.

५. जिल्ह्यातील अलीकडचा अनुभव

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आरक्षण आंदोलनाच्या काळात बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली व इंटरनेट सेवा काही काळ बंद करण्यात आली. हिंसाचार प्रत्यक्ष घडलेला होता आणि तो रोखणे हे प्रशासनाचे कर्तव्यच होते, याविषयी दुमत नसावे. परंतु सेवा बंद होते तेव्हा अफवा पसरविणाऱ्याबरोबरच अफवा खोडून काढणाराही गप्प होतो. फडावर गेलेल्या आईवडिलांशी गावी राहिलेल्या मुलांचा संपर्कही याच मार्गाने होतो. त्या वेळी अशा बंदीचा आधार १८८५ च्या तार अधिनियमाखालील २०१७ चे नियम हा होता. तारायंत्राच्या काळातील कायदा संगणकयुगात वापरला जात होता.

गश्ती निशाण ५३ आणि ही बंदी यांना एकच मानणे इतिहासाला धरून होणार नाही. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, ते अनिश्चित काळासाठी असू शकत नाहीत व त्यांची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, असे स्पष्ट केले. संस्थानी गश्ती व लोकशाहीतील आदेश यांत फरक आहे तो या तीन अटींचा. त्या पाळल्या गेल्या तरच तो फरक उरतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, सभा, चित्रपट व इंटरनेट या तिन्ही माध्यमांबाबत नियमनाचे समर्थन एकाच गृहीतावर उभे राहिले. ते म्हणजे सामान्य श्रोता वा प्रेक्षक स्वतः विचार करू शकत नाही. दोन, मताची किंमत स्वतः मोजलेल्या व्यक्ती सत्तेवर आल्याने मताचे संरक्षण आपोआप होत नाही. त्यासाठी कायद्याची भाषा काटेकोर असावी लागते. तीन, तंत्रज्ञानाने मत मांडण्याचा खर्च कमी केला, परंतु मत मांडण्याचा अधिकार दिला तो घटनेने, आणि तो टिकविला न्यायालयात जाण्याची तयारी दाखविणाऱ्या नागरिकांनी.

१९३८ मध्ये विद्यार्थ्यांना महाविद्यालयाबाहेर काढले गेले तेव्हा दुसऱ्या एका विद्यापीठाने आपले दार उघडले. आज धारूरसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात संगणकाच्या पडद्यावर यंत्र, चित्रपट व शासन यांविषयी निर्भीडपणे लिहिणारा विद्यार्थी आपल्यासमोर बसलेला असतो. त्याचे मत चुकीचे असेल तर त्यास उत्तर द्यावे, अपुरे असेल तर पुरावा मागावा. परंतु ते मांडले म्हणून त्यास दटावू नये. नागपूर विद्यापीठाने १९३८ मध्ये जे केले त्याचा वारसा चालविण्याचा आपल्या हाती असलेला मार्ग एवढाच आहे.