बत्तीस खोडींचा रकाना

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. चिपची तर ती भंगारात गेल्यावरच. विकल्या गेलेल्या यूएसबी नियंत्रकाचे सिलिकॉन बदलता येत नाही, म्हणून त्याचा दोष ड्रायव्हरने सांभाळायचा. २००९ साली लिनक्समध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर दाखल झाला. एखादा नियंत्रक निद्रेतून उठताच पूर्वस्थिती विसरतो, एखाद्यामुळे बंद केलेला संगणक (कोणी हात न लावता!) पुन्हा सुरू होतो. निर्मात्याचा व चिपचा क्रमांक ओळखून ड्रायव्हर त्यानुसार वागणे बदलतो. प्रत्येक खोडीला एक बिट, अशी बत्तीस घरे होती. २०१८ पर्यंत ती भरली आणि रकाना चौसष्ट बिटांचा करावा लागला. यूएसबीचा इतिहास आम्ही वेगवाढीच्या आकड्यांतून वाचत आलो. ही यादी मात्र त्यात कुठेच नव्हती.