नागरकोविल लेस

दक्षिण त्रावणकोरात (आजचा कन्याकुमारी जिल्हा, तमिळनाडू) लंडन मिशनरी सोसायटीच्या आश्रयाने उभा राहिलेला स्त्रियांचा हस्तोद्योग. मिशनरी चार्ल्स मॉल्ट यांच्या पत्नी मार्था मॉल्ट यांनी १८२१ च्या सुमारास नागरकोविल येथील मुलींच्या निवासी शाळेत तो सुरू केला.

पार्श्वभूमी : शिकणाऱ्या मुली मुख्यतः नाडार (तत्कालीन शाणार) व दलित जातींतील होत्या. घरचे पुरुष ताडावर चढत किंवा शेतमजुरी करत. काही कुटुंबे गुलामीत होती. त्रावणकोर संस्थानात गुलामगिरी रद्द झाली ती १८५५ मध्ये.

तंत्र : घट्ट भरलेल्या उशीवर नक्षीचा टोचलेला कागद बसवतात. त्याच्या छिद्रांत टाचण्या रोवून, सूत गुंडाळलेल्या कांड्या जोडीजोडीने एकमेकींवरून फिरवत पीळ व फुली घालत जाळी विणतात. विणलेला भाग पक्का झाला की मागच्या टाचण्या काढून पुढे लावतात. भांडवल अल्प लागते. नजर आणि चिकाटी मात्र भरपूर लागते.

अर्थकारण : तयार लेस भारतातील युरोपीय कुटुंबांत व ब्रिटनमधील मिशनच्या हितचिंतकांत खपे. उत्पन्नातून शाळेचा खर्च भागे आणि कारागिरणींना मजुरी मिळे. काही गुलाम मुलींनी याच कमाईतून आपली सुटका विकत घेतली. या उद्योगाच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची बाब होय : बाईच्या हाती तिच्या स्वतःच्या कामाचा रोख पैसा आला. मात्र नक्षी, सूत, दर आणि विक्री यांची सूत्रे मिशनकडेच राहिली. घरबसल्या लेसकामाने स्त्रिया स्वावलंबी झाल्या की गृहिणीपणाच्या चौकटीत अधिक बसवल्या गेल्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

वस्त्रसंघर्ष : ख्रिस्ती स्त्रिया, त्यांत लेस शिकणाऱ्याही, अंगात कुप्पायम (सैल जाकीट) घालू लागल्या. त्याला उच्च जातींनी विरोध केल्याने उसळलेल्या संघर्षानंतर १८५९ च्या जाहीरनाम्याने नाडार स्त्रियांना वक्षःस्थळ झाकण्याची मुभा मिळाली. लेस उद्योगाचा यातील वाटा किती, हे निश्चित सांगता येत नाही.

प्रसार : मॉल्ट यांची कन्या एलायझा हिने विवाहानंतर (१८४४) तिरुनेलवेलीतील इडैयनगुडी येथे हे काम रुजवले. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉल्डवेल हे तिचे पती. आंध्रातील नरसापूरची क्रोशे लेसही मिशनऱ्यांनीच आणली. तेथे व्यापारी व निर्यातदार सधन झाले, पण विणणाऱ्या बायका ‘फावल्या वेळात काम करणाऱ्या गृहिणी’ गणल्या गेल्याने त्यांची मजुरी तुटपुंजीच राहिली, असे मारिया मीस यांनी द लेस मेकर्स ऑफ नरसापूर (१९८२) या ग्रंथात दाखवले. 

उत्तरकाळ : १९४७ मध्ये दक्षिण त्रावणकोरातील लंडन मिशनची मंडळी चर्च ऑफ साउथ इंडियात सामील झाली.