ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यात फरक काय? कोरम भरला नाही तर काय होतं? जाणून घ्या

आमदार, खासदार आपण निवडून देतो आणि पुढचे निर्णय ते घेतात. याला प्रातिनिधिक लोकशाही म्हणतात. पण लोकांनी स्वतः बसून निर्णय घेतला, तर ती प्रत्यक्ष लोकशाही. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतात आजही मतदार मैदानात जमून हात वर करून कायदे मंजूर करतात. आपल्याकडे अशी जागा एकच, ती म्हणजे गावची ग्रामसभा.

ग्रामपंचायत वेगळी, ग्रामसभा वेगळी

ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सरपंच आणि सदस्य. सदस्यांची संख्या लोकसंख्येनुसार ७ ते १७ असते. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेले सगळे. तिथे निवडून यावं लागत नाही. वय १८ पूर्ण झालं, यादीत नाव आलं, की तुम्ही सदस्य. सदस्य ५ वर्षांनी बदलतात, ग्रामसभा कधीच बरखास्त होत नाही.

७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळालं. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली.

ग्रामसभेच्या हातात काय आहे?

- गावचा विकास आराखडा मंजूर करणे
- विकासकामांच्या खर्चाला मान्यता देणे
- घरकुलासारख्या वैयक्तिक लाभाच्या योजनांचे लाभार्थी निवडणे
- झालेल्या खर्चाचा हिशेब विचारणे

नियम काय सांगतो?

वर्षाला किमान ४ ग्रामसभा घ्याव्याच लागतात. सभेची नोटीस ७ दिवस आधी निघते, दवंडीही दिली जाते. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचाचं पदही जाऊ शकतं.

कोरमची खरी गोम

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तो कोरम. म्हणजे ४०० मतदारांच्या गावात ६० लोक लागतात, २,००० मतदारांच्या गावात १००.

तेवढे लोक आले नाहीत तर सभा तहकूब होते. पण तहकूब सभा पुन्हा भरते, तेव्हा कोरमची अट नसते. मग १५-२० जण बसले तरी ठराव होतो आणि तो अख्ख्या गावाचा ठराव धरला जातो. घरकुलाच्या यादीत नाव का नाही, रस्ता आपल्याच वस्तीवर का आला नाही, हे नंतर पारावर बोलून उपयोग होत नाही. ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी आपण शेतात होतो.

एका गावाने करून दाखवलं

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे छोटं गोंड आदिवासींचं गाव. तिथे ग्रामसभा बहुमताने नाही, तर सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९ साली वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावची.

तुम्ही काय करू शकता?

नोटीस निघाली की विषयपत्रिका वाचा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. हजेरीची सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते बघा. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवरही बघता येतो.

मतदान ५ वर्षांतून एकदा. ग्रामसभा वर्षातून ४ वेळा. पुढची तारीख आजच ग्रामपंचायतीत विचारून घ्या.