किरकोळ गुन्हा आणि नोकरी : फॉर्मवर काय लिहायचं, कोर्टात काय टाळायचं

पुणे : बांधावरच्या भांडणाची केस गावात मिटते, पण कागदावर राहते. पोरगं पुण्यात, चाकणला नाहीतर रांजणगावला कामाला लागलं की पडताळणीत तीच केस वर येते. म्हणून नियम माहीत असलेले बरे.

पडताळणी कोण करतं?
चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करावा लागतो. पत्त्यानुसार पुणे शहर, पिंपरी-चिंचवड किंवा पुणे ग्रामीण पोलीस नोंदी तपासतात.

प्रत्येक केस म्हणजे शिक्षा नाही
• एनसी : अदखलपात्र तक्रार. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत.
• एफआयआर : गुन्हा दाखल झाला, सिद्ध झालेला नाही.
• समरी : तक्रार खोटी निघाली तर पोलीस कोर्टात 'ब' समरी पाठवतात. ती मंजूर झाल्याची नक्कल जपून ठेवा.
• तडजोड : साधी मारहाण, शिवीगाळ यांत कोर्टासमोर तडजोड करता येते. ती निर्दोष सुटकेसारखीच धरली जाते. नुसती गावात मिटवून उपयोग नाही.
• दंड : इथंच बरेचजण फसतात. 'गुन्हा कबूल, दंड भरतो' म्हटलं की ती दोषसिद्धी होते, मग दंड कितीही छोटा असो. नंतर अपिलात दोषसिद्धीवर भांडायलाही फारसा वाव उरत नाही. जुगार, दारू, हाणामारीच्या केसमध्ये सही करण्याआधी वकिलाला विचारा.

सरकारी नोकरीत
१९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांनुसार कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर निलंबित मानला जातो. दोषी ठरला तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ नुसार विभागीय चौकशीशिवायही बडतर्फी होऊ शकते. मात्र गुन्हा किती गंभीर हे अधिकाऱ्यानं बघायला हवं.

कंपनीत
अनेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली शिक्षा हे गैरवर्तन धरलं जातं. चोरी, फसवणूक त्यात येते. कामगाराला कामावरून काढलं तर कामगार न्यायालयात दाद मागता येते.

लपवलं तर?
सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात नियम घालून दिले. फॉर्मवर माहिती खरी हवी. तरुणपणी घोषणा दिल्यासारखा क्षुल्लक गुन्हा लपवला असेल तर मालक माफ करू शकतो, पण तो त्याचा अधिकार आहे, सक्ती नाही. खरं सांगितलं तरी नोकरी मिळेलच असंही नाही. फॉर्मवर जे विचारलं नाही, ते लपवलं असा ठपका मात्र ठेवता येत नाही.

काय करावं?
१. प्रश्न नीट वाचा : अटक, दाखल गुन्हा की शिक्षा, नेमकं काय विचारलंय?
२. निकालाची प्रमाणित नक्कल काढा.
३. मॅजिस्ट्रेट कोर्टानं शिक्षा दिली तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करा. शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणजे दोषसिद्धी थांबली असं नाही, त्यासाठी वेगळी मागणी करावी लागते.
४. पहिलाच छोटा गुन्हा असेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ वकिलामार्फत मागा. खात्याची कारवाई मात्र त्यानं आपोआप टळत नाही.
५. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा शिवाजीनगर कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांना मोफत मदत मिळते. हेल्पलाइन : १५१००.